ढोलीच्या झाडाचा वाटा

चैत्र शुद्ध प्रतिपदेला आपल्या दारात गुढी उभी राहते, तिचा कळक कुठल्या तरी बेटातून तोडून आणलेला असतो आणि तिच्यावरची कडुनिंबाची डहाळी, दारावरचे आंब्याचे तोरण, हेही कुठल्या तरी झाडाने दिलेले असते. सणाच्या सकाळी आपण याचा वेगळा विचार करत नाही आणि करावा लागतही नाही. झाडाने द्यावे, माणसाने मान राखून घ्यावे, हा व्यवहार आपल्याकडे इतका जुना आहे की झाडाचे ऋण मानण्याची निराळी रीत उरलेली नाही. सणच ती रीत झाला आहे. संध्याकाळी देवळात पंचांगवाचन होते, संवत्सरफळ ऐकले जाते, पर्जन्याचे भाकीत आले की माण-खटावचा आणि आटपाडी-जतचा शेतकरी जरा पुढे सरकून बसतो. सरत्या वर्षाचा हिशेब मिटवावा आणि नव्या वर्षाची नांगरट सुरू करावी, असा हा दिवस. यंदा पाडवा १९ मार्चला आला आणि लगोलग २१ मार्चला संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक वन दिन. दोन तारखा अशा जवळ आल्या असताना सातारा-सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांच्या पश्चिमेला असलेल्या रानाचाही हिशेब याच आठवड्यात मांडून बघावा, असे वाटते.

तिथे नवे वर्ष आपल्या आधीच सुरू झालेले असते. जावळीच्या खोऱ्यापासून पाटण, कोयनानगर, ढेबेवाडी ओलांडून थेट शिराळा तालुक्यातल्या चांदोलीपर्यंत कुसुंबाला लालभडक पालवी फुटते, जांभळीची कोवळी पाने तांबूस झळकतात, अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लगडतात. आणि याच दिवसांत एखाद्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला कोंडून घेऊन बसलेली असते. ढोलीचे तोंड ती विष्ठेने आणि चिखलाने लिंपून घेते, चोच जेमतेम बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि आत अंडी उबवते. तिचे आणि पिल्लांचे सगळे जगणे बाहेरच्या नराच्या चोचीवर. तो उंबर, वड, नांद्रुकीची फळे गोळा करून दिवसभर खेपा घालत राहतो. नर मेला किंवा झाड पडले, तर आतला संसार तिथेच संपतो. आपल्या पाडव्याच्या आगेमागेचे हे दोन-तीन महिने म्हणजे त्यांचे बाळंतपण; आणि घाटमाथ्यावरच्या लाकूडतोडीचा हंगामही नेमका हाच.

तोड या दिवसांत होते याला कारण सरळ आहे. पाऊस लागला की डोंगरातल्या वाटा बंद होतात, ट्रक वर चढत नाही, ओले लाकूड ओढून आणणे परवडत नाही. म्हणून दिवाळी उलटली की व्यापाऱ्यांच्या फेऱ्या सुरू होतात आणि मे संपेपर्यंत करवतीचा आवाज थांबत नाही. ही तोड चोरीची असते असे मात्र समजू नये. चोरटी तोडही होतेच, पण डोंगराचे मोठे उतार बोडके होतात ते बहुधा रीतसर सौद्याने. घाटातले सगळे रान सरकारचे नाही. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने बरेच रान शासनाकडे गेले, तरी सातबारावर भाऊबंदांची नावे असलेली मालकी राने आजही मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यात पीक निघत नाही, नाचणी-वरीची शेते पडीक पडून वर्षे झाली. घरातली कर्ती माणसे केव्हाच मुंबईला गेली. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील यांनी ज्या माथाडी कामगारांची संघटना बांधली, त्यांत याच डोंगरी खोऱ्यांतून पाठीवर ओझे वाहायला गेलेली माणसे किती होती, हे आपल्याला ठाऊक आहे. मागे उरलेल्या रानाचा उपयोग एकच: मुलीचे लग्न, आजारपण, घराचे कौल उतरवून स्लॅब टाकणे, अशी गरज उभी राहिली की उतार उक्ता विकून टाकायचा. व्यापारी झाडे मोजत नाही, उतार मोजतो. जाडजूड बुंधे वखारीला जातात, वाकडेतिकडे लाकूड जळणाला, वीटभट्टीला आणि बॉयलरला, आणि उरलेल्याचा जागेवरच कोळसा होतो.

लाकूड विकणे हे पाप आहे, असे या लेखाला मुळीच म्हणायचे नाही. आपले सगळे जगणे लाकडावर उभे राहिलेले आहे. नांगराच्या इसाडापासून वाड्याच्या खणापर्यंत आणि पाळण्यापासून तिरडीपर्यंत लाकूड आपल्याला सोडत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही तुनीचे लाकूड तासून, त्याला मंगळवेढ्याकडचा भोपळा जोडून तंबोरा घडवला जातो. फरीदसाहेब सतारमेकरांपासून एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली ती कारागिरी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचली. किराणा घराण्याचा षड्ज ज्या तंबोऱ्यावर लागला, तोही एके काळी झाडच होता. तेव्हा झाडाला हातच लावायचा नाही, असा नियम आपल्याला झेपणार नाही आणि तो खरा वाटणारही नाही. प्रश्न आहे तो कोणते झाड, किती आणि केव्हा याचा, आणि जे झाड उभे ठेवायचे त्याची किंमत कोणी चुकवायची याचा.

हा प्रश्न यंदा अधिक जवळचा झाला आहे, कारण आपल्या रानात वाघ परतू लागला आहे. कोयना अभयारण्य १९८५ चे. चांदोलीही त्याच वर्षी अभयारण्य झाले आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. २०१२ मध्ये कासचे पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही नावे जागतिक वारसा यादीत झळकली. पण नावाला व्याघ्र प्रकल्प असलेल्या या रानात वाघाचे दर्शन इतके दुर्मीळ होते की २०१८ मध्ये कॅमेऱ्यात त्याचे एक छायाचित्र मिळाले, त्याचीच मोठी बातमी झाली. २०२३ च्या डिसेंबरात राधानगरीकडून एक नर आपल्या पायांनी चालत वर आला. मग २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण चांदोलीत आणली गेली. ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ, तीन नर आणि पाच माद्या, इथे आणायला परवानगी मिळाली आहे. ही वाघीण राज्याच्या दुसऱ्या टोकाहून वाहनातून आली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नर चालत आला, ही त्याहून मोठी गोष्ट. तो ज्या वाटेने आला ती वाट अभयारण्याच्या नकाशात नाही. विशाळगडाकडचे डोंगर, गगनबावड्याचा घाटमाथा, मधली मालकी राने, देवराया, ओढ्याकाठची झाडी, असे तुकडे जोडत तो आला. त्यातला एखादा तुकडा कोणाच्या तरी सातबारावर असेल आणि तो अजून विकला गेलेला नसेल, म्हणून तो आला.

वाघ मोठा, म्हणून त्याच्या नावाने रान ओळखले जाते. या रानात आसरा शोधणारे बाकीचे जीव मात्र झाडाझाडाने मोजावे लागतात. शेकरू हा आपला राज्यप्राणी. ते जमिनीवर फारसे उतरत नाही, फांदीवरून फांदीवर झेपावत जाते, उंच शेंड्यात काटक्यांची घरटी बांधते. मधली चार झाडे पडली की त्याचा रस्ता तुटतो आणि बेटावर अडकावे तसे ते अडकते. कोयनेच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा भेक आहे, १९६३ साली जगाला ठाऊक झालेला. जगात तो फक्त आपल्या सह्याद्रीच्या या पट्ट्यात सापडतो आणि त्याची गणना धोक्यात आलेल्या प्रजातींत होते. पहिल्या पावसांत साचलेल्या लहानशा डबक्यांत तो अंडी घालतो. वरची सावली गेली, की त्या डबक्यांचे पाणी किती दिवस टिकणार? पिसोरी, खवले मांजर, उदमांजर ही सगळी मंडळी रात्रीची आणि लाजरी. त्यांचे असणे आपल्याला कळत नाही, म्हणून त्यांचे नसणेही कळत नाही.

इथे डोळ्यांची एक फसगत होते, तिच्यापासून सावध राहायला हवे. ऐन, किंजळ, जांभूळ ही झाडे तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो. दोन पावसाळे गेले की तोडलेला उतार पुन्हा हिरवा दिसू लागतो, आठ-दहा वर्षांत पुन्हा रान म्हणवून घेण्याइतका वाढतो, आणि कोणी म्हणते, बघा, रान परत आले. आले खरे, पण बारीक वाशांचे आले. मांडीएवढ्या खोडाला ढोली नसते. ढोली पडायला फांदी मोडावी लागते, खोडात पाणी मुरावे लागते, आतले लाकूड कुजावे लागते, सुतार पक्ष्यांनी टोचावे लागते. या सगळ्याला पिढ्या लागतात. असा उतार पुन्हा विकला जातो, पुन्हा फुटतो, पुन्हा विकला जातो, आणि हिरवेपणा कायम राहूनही त्यात धनेशाला बसायला एक झाड उरत नाही. उपग्रहाच्या चित्रात मात्र ते रानच दिसत असते.

कायदा काय म्हणतो, तेही बघू. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ चा आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडे आहेत: हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. ती तोडायला परवानगी लागते, वाहतुकीला पास लागतो, मालावर वनखात्याचा हातोडा उमटावा लागतो. यादी नीट वाचली की तिची दृष्टी कळते. माणसाला फळ, औषध किंवा चांगले लाकूड देणारी झाडे तिच्यात आहेत. बेहडा तिच्यात नाही. उंबर, वड, नांद्रुक नाहीत. म्हणजे धनेश ज्याच्या ढोलीत घर करतो ते झाड आणि ज्याच्या फळांवर तो पिल्ले वाढवतो ती झाडे, दोन्ही त्या सोळांच्या बाहेर. १९६४ च्या माणसांना दोष द्यावा असे यात काही नाही. त्यांना जे मोलाचे वाटले ते त्यांनी राखले. साठ वर्षांत आपल्याला जे नव्याने कळले, ते मात्र त्या यादीत उतरलेले नाही. कायद्यातला मूळ दंड हजार रुपयांपर्यंतचा. २०२४ मध्ये तो ५० हजारांपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा विरोधाचे सूर उमटले, आणि त्यात तथ्यही होते. ज्याने आपल्या बांधावर झाड वाढू दिले त्यालाच धाक दाखवला, तर उद्या तो रोपच उपटून टाकील. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचेही हेच झाले. माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. २०१४ पासून २०२४ पर्यंत मसुद्यामागून मसुदे निघाले आणि गावोगावी एकच समजूत पसरली की वरून काहीतरी बंदी येते आहे. बंदी येणार या भीतीने आधीच झाडे विकून मोकळे होणारे लोक काही मूर्ख नव्हते. झाड उभे ठेवल्यास काय मिळेल, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अशा वेळी आपल्याच जुन्या कागदांकडे वळावेसे वाटते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. त्यात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाचा विषय आहे. आरमार म्हणजे स्वराज्याची निकड, आजच्या कुठल्याही कारखान्याच्या निकडीहून मोठी. तरीही पंत सांगतात की सागासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावी, आणखी लागले तर परमुलखातून विकत आणावे, पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण होऊन उपयोगाचे उरले नसेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचे समाधान करूनच ते न्यावे. जोर करू नये. झाडाला लागणारा काळ, मालकाची संमती आणि पुरते मोल, या तिन्ही गोष्टी तीनशे वर्षांपूर्वी एका राज्यकर्त्याला एकत्र सुचल्या, याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र आज पंत असते तर त्यांनी एक दुरुस्ती केली असती, असे मनापासून वाटते. जीर्ण झाड निरुपयोगी म्हणून तोडायला त्यांनी मोकळीक ठेवली. धनेशाच्या, घुबडाच्या, उदमांजराच्या, रानमधमाश्यांच्या लेखी तेच सर्वांत उपयोगी झाड असते. वखारीत पोकळ निघाल्यामुळे ज्या ओंडक्याचा भाव पडतो, त्याच पोकळीसाठी रानात ते झाड उभे राहायला हवे.

आणि इथेच दोघांचेही भागावे, अशी एक वाट दिसते. लाकडासाठी ज्याला कमी भाव येतो त्या जुन्या झाडाला दुसऱ्या कशाने तरी भाव मिळवून देता येईल का? घाटाखाली संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या ॲप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने हे करून दाखवले आहे. त्रिफळ्यातले एक फळ बेहड्याचे. बेहड्याची मोठी झाडे न तोडता त्यांची फळे नीट गोळा करायची, वाळवायची, शाश्वत संकलनाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवायचे आणि परदेशातल्या औषधी चहा करणाऱ्या कंपनीला चढ्या भावाने द्यायची. शिवाय मालकाशी करार करून रान काही वर्षे तोडायचे नाही असे ठरवायचे आणि त्याचा मोबदला त्याला द्यायचा. त्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश घरटी करतात. एकाच झाडाने मालकाला पैसा दिला आणि पक्ष्याला घर दिले, आणि झाड जागेवरच राहिले. बेहडा आपल्या पाटण-शिराळ्याच्या रानांतही आहे, हिरडा तर जावळीच्या माथ्यावर आहेच. हे आपल्याकडे का होऊ नये, याला एकही सबळ कारण दिसत नाही. खोऱ्या-खोऱ्यांत दूध संघ आणि पाणीपुरवठा संस्था उभ्या करणाऱ्या, सहकार ज्यांच्या रक्तात आहे अशा या दोन जिल्ह्यांना बेहडा-हिरड्याची एक सहकारी संस्था जड जाऊ नये.

उरला लाकडाच्या गरजेचा प्रश्न. तो रानाकडून शेताकडे वळवावा लागेल. २०१७ च्या अखेरीस केंद्राने बांबूला वनकायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढले, त्यामुळे शेतातला बांबू आता परवान्याच्या कटकटीवाचून तोडता आणि नेता येतो. बांधाला बांबू, पडीक वरकस जमिनीत जळणाची लवकर वाढणारी झाडे, पाण्याच्या कडेला तून, हे सगळे शेतकऱ्याने लावायचे, वाढवायचे आणि बिनदिक्कत विकायचे पीक आहे. ते जितके वाढेल, तितका डोंगरावरचा भार हलका होईल. फक्त जुने रान तोडून त्याच जागी एकाच जातीच्या रांगा लावू नयेत. ती वनशेती शेतात शोभते, देवराईच्या शिवेवर नव्हे.

झाडे लावून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वरला जाऊन यावे. उघड्याबोडक्या, दगडी, पाणी नसलेल्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी लोकांना हाताशी धरून रान उभे केले. १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे, आणि आज तिथे चितळ-सांबरांचे कळप फिरतात. ते कृष्णाकाठच्या सुपीक पट्ट्याला लागून राहणाऱ्या माणसांनी केले, ज्यांना रान नसले तरी चालले असते. त्यापुढे पश्चिमेच्या घाटमाथ्यावर आपल्याला लावायचे फारसे काही नाहीच, आहे ते ठेवायचे आहे.

एक देणे मात्र आधी फेडायला हवे, नाहीतर हे सारे बोलणे पोकळ ठरेल. कोयना धरणात, चांदोली धरणात आणि मग अभयारण्यात ज्यांची गावे गेली, त्यांच्यातल्या कित्येकांना जमिनीसाठी, पुनर्वसनासाठी दशकानुदशके झगडावे लागले. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाच्या आंदोलनांत भर उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. रान राखण्याची किंमत एकदा त्यांनी चुकवली. आता व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याबाहेरच्या गावांनी आपले मालकी रान राखावे असे सांगायचे, तर ती किंमत सगळ्यांनी मिळून चुकवली पाहिजे. कोयनेची वीज मुंबईला जाते, कोयना-वारणेचे पाणी कृष्णेच्या खोऱ्यातल्या उसाला जाते. डोंगरावरचे रान पावसाचे पाणी मुरवते आणि गाळ अडवते, म्हणून ती धरणे भरलेली आणि खोल राहतात. या पाण्यावर साखर पिकवणाऱ्यांनी आणि या विजेवर दिवे लावणाऱ्यांनी डोंगरातल्या त्या भाऊबंदांना दरवर्षी काही द्यावे, हे उपकाराचे नाही, हिश्शाचे मागणे आहे. न तोडलेल्या रानासाठी वार्षिक मोबदला देणारी योजना शासनाने याच आर्थिक वर्षात, याच दोन जिल्ह्यांत सुरू करावी. बेहडा आणि वड-उंबराचा वर्ग अनुसूचीत घ्यावा, पण दंडाच्या कलमाबरोबर मोबदल्याचे कलमही त्याच कागदावर असावे.

पाडव्यानंतर गावोगाव चैत्राच्या यात्रा भरतील. पालखीला खांदा द्यायला मुंबईची, नवी मुंबईची, पुण्याची माणसे गावी येतील. वर्षातून एकदाच सगळे भाऊबंद एका ओसरीवर बसतील आणि घराच्या, जमिनीच्या, रानाच्या गोष्टी निघतील. व्यापाऱ्याचा निरोपही तिथेच पुढे ठेवला जाईल. गरज असेल तर सौदा व्हावा, त्याला ना नाही. पण सही करण्याआधी घरातल्या दोघा-तिघांनी, जमल्यास गावातल्या एखाद्या जाणत्या गुराख्याला बरोबर घेऊन, रानातून एक फेरी मारावी. ढोलीची झाडे, बेहडे, वड-उंबर, ओढ्याच्या दोन्ही काठांची आणि देवराईलगतची झाडे यांना चुन्याचा पट्टा ओढावा, ती सौद्यातून वगळल्याचे कागदावर लिहून घ्यावे, आणि तोड पावसाळ्यानंतर सुरू करण्याची अट घालावी, म्हणजे आतली पिल्ले उडून गेलेली असतील. ठरलेल्या रकमेत यामुळे थोडी घट येईल. ती घट भावाभावांनी सारखी वाटून घ्यावी आणि पुढच्या पाडव्याला ती कोण भरून देणार, हे आपल्या आमदारांना यात्रेच्या मांडवातच विचारावे.